आठवा वॉशर

इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाचे, म्हणजे टॅपेट कव्हरचे, बोल्ट आठ, त्यांच्याखाली बसणारे वॉशर आठ, आणि आत्याच्या हाती लागले सात. तिने पुन्हा मोजले. सातांचे काही लाजेकाजेस्तव आठ होणार नव्हते, पण माणूस अशा वेळी दुसऱ्यांदा मोजतोच. आठवा बोल्ट उघडाबोडका तिच्या चिमटीत होता. शुक्रवारचे सकाळचे अकरा वाजले होते.

आत्या खरी म्हणजे एकट्या छकुलीची आत्या, पण गॅरेजमध्ये येणारा-जाणारा जो तो तिला आत्याच म्हणे. टायरवाला म्हणे, पेंटर म्हणे, तिच्याहून दोन वर्षांनी थोरला असलेला वेल्डरही बिनदिक्कत म्हणे. वय एकोणसाठ. उमेदीची सगळी वर्षं तिने मोज्यांच्या कारखान्यात विणकामाची यंत्रं दुरुस्त करण्यात घालवली होती. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा मोठा भाऊ म्हणाला, "चार दिवस गॅरेजवर ये. घरी बसलीस तर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे मिक्सर खोलून ठेवशील." त्या चार दिवसांची चार वर्षं झाली होती.

दादाचं गॅरेज म्हणजे पत्र्याच्या छपराची लांबट खोली. तिच्यात तीन गाड्या मावत. चौथी आली की सगळ्यांनी पोट आत घेऊन चालायचं. काम एकच, जुन्या जपानी डॅटसन गाड्या शर्यतीसाठी तयार करायच्या. गाडी पन्नास वर्षांपूर्वीची, चौकोनी, चार दारांची, पट्टी धरून काढल्यासारखी. नवख्याला वाटावं, हिच्यात बसून फार तर कचेरीत जावं आणि वेळेवर घरी यावं. पण बॉनेट उघडून दोन कार्बोरेटर नीट जुळवले की हीच गाडी असा सूर धरायची की समोरच्या दुकानातला घड्याळजी काम सोडून दारात यायचा. दादा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगे, "हिला फसवता येत नाही. जे द्याल तेच परत देते." आत्या पाठ फिरवून तेच वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणे, शब्दाला शब्द.

मधल्या जागेवर उभी असलेली पांढरी डॅटसन १६०० घरची होती आणि ती छकुली चालवायची. छकुली हे नाव पाळण्यात पडलं ते पडलंच. आता ती एकोणतीस वर्षांची, दातांच्या दवाखान्यात नोकरीला, आणि सुट्टीच्या दिवशी चढणीच्या शर्यतीत भल्याभल्यांना घाम फोडणारी. रविवारी मोसमातली शेवटची शर्यत होती. चार किलोमीटरचा चढ, एकवीस वळणं, एका वेळी एकच गाडी, आणि झुंज सगळी घड्याळाशी. त्याआधी आज संध्याकाळी सहापर्यंत गाडी तपासनिसांसमोर उभी करायची होती. सहाला फाटक बंद झालं की मग कुणाच्या ओळखीपाळखीने उघडत नसे.

सकाळचं काम नाजूक होतं आणि ते झकास झालं होतं. इंजिनाच्या वरच्या अंगातला कॅम फिरवणारी चेन वापरून वापरून थोडी सैल पडते. मग व्हॉल्व्ह उशिरा उघडतात आणि गाडी ऐन चढावर आळस देते. यावर उपाय म्हणून चेनच्या वरच्या चक्राला तीन भोकं दिलेली असतात. पहिल्या भोकावरून दुसऱ्यावर गेलं की चेनची ढिलाई भरून निघते. ऐकायला सोपं. पण चक्र काढलं आणि चेन जराशी ढिली पडली, तर तिला ताण देणारा दट्ट्या खाली, न दिसणाऱ्या जागी, बाहेर उडी मारतो. मग इंजिनाचं अख्खं पुढचं तोंड उघडण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून चेनच्या दोन बाजूंच्या मधोमध लाकडी पाचर ठोकायची, चेन आवळून धरायची आणि मगच चक्राला हात लावायचा. आत्याने पाचर अशी ठोकली की चेनने हूं की चूं केलं नाही. भोक बदललं, खुणा जुळवल्या, पाचर काढली, आठही व्हॉल्व्हची फट फिलर गेजच्या पातळ पात्यांनी तपासली. उरलं ते फक्त झाकण लावणं. हे काम शेंबडं पोरही करील, आणि घात होतो तो अशाच कामात.

पाचर काढली की चेनच्या बाजूला बोटभर रुंद फट उघडी राहते. ती थेट खाली जाते, चेनच्या खालच्या चक्रापर्यंत, आणि तिथून इंजिनाच्या पोटाखालच्या तेलाच्या भांड्यात, ज्याला गॅरेजात सगळे चेंबर म्हणतात. त्या फटीत फडक्याचा बोळा कोंबून ठेवायचा, हा नियम. पाचर असताना बोळा मावत नाही म्हणून तो काढलेला होता. पाचर निघाल्यावर तो परत घालायचा राहिला, कारण आता काय, झाकणच तर लावायचं होतं.

आणखी एक नियम होता, तो दादाचा. इंजिन झाकण्याआधी मोजणी मोठ्याने व्हायची. काढलेला प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्यावर काढलेल्या इंजिनाच्या चित्रात जागच्या जागी खोचून ठेवायचा, आणि एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. आजही दादाने पलीकडच्या गाडीखालून विचारलं होतं, "बोल्ट?" आत्या म्हणाली, "आठ." "वॉशर?" "आठ." हे दुसरं आठ तिने बोल्ट पाहूनच म्हटलं होतं. वॉशर तेलाने बोल्टाला चिकटून येतात. चार वर्षांत एकही सुटा झाला नव्हता. तोंडाने मोजणी केली आणि डोळे दुसरीकडे होते, एवढीच तिची चूक.

तिने खाली शोधलं. एप्रनचा खिसा उलटा केला, पायजम्याची दुमड झटकली, चपला उलट्या करून पाहिल्या. चुंबकाची लवचिक कांडी फटीतून आत घातली, जाईल तिथवर फिरवली. कांडी तेलाने न्हाऊन वर आली, रिकामी. कव्हर उचलताना तो वरच राहिला असेल आणि घरंगळला असेल. किंवा आत्ता, बोल्ट उचलताना, चिमटीतून सुटला असेल. सुटल्याचं तिला कळलंही नसतं, कारण उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं सकाळपासून बधिर होती.

बोटांचं हे दुखणं सहा महिन्यांचं. मनगटात शीर दबते, हाताला विश्रांती द्या, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणणं त्यांच्या बाजूने बरोबरच होतं. गेल्या महिन्यात दादासमोर तिच्या हातून पाना दोनदा निसटला. संध्याकाळी हात धुताना दादा म्हणाला, "मोसम संपला की तू टेबलावर बस. फोन घे, सामानाच्या याद्या कर. खुर्ची चांगली घेऊ तुला, फिरती." हे तो प्रेमाने बोलला होता, म्हणून जास्त लागलं. आत्याला त्या फिरत्या खुर्चीची भीती वाटत होती. घरी ती एकटी राहणारी बाई होती, भाजीवाल्याला रोज दिसणारी आणि त्याच्याही लक्षात न राहणारी. गॅरेजातल्या कामाच्या या बाकापाशी उभी राहिली की तिच्या हातात आणि डोक्यात जे होतं ते शहरात आणखी कुणाकडे नव्हतं. हे तिला माहीत होतं आणि त्याचा तिला मनापासून अभिमान होता.

म्हणून तिने जे केलं ते केलं. फळीवरच्या बरणीतून एक वॉशर काढला, आठव्या बोल्टात घातला, कव्हर बसवून आठही बोल्ट आवळले. पुसून काढल्यावर सगळं असं दिसत होतं की आठव्यात आणि बाकीच्या सातांत देवालाही फरक कळला नसता.

"झालं?" दादा गाडीखालून बाहेर आला. त्रेसष्टीचा माणूस, पण अजून एका दमात उठायचा आणि उठला की आजूबाजूला कुणी बघितलं का ते बघायचा. "चल, सुरू करून बघू. मग कार्बोरेटर जुळवतो." तो ड्रायव्हरच्या जागी बसला आणि त्याने किल्ली लावली.

आत्या बॉनेटपाशी उभी होती. वॉशर चेंबरात पडला असेल तर पडून राहील, तिचं मन म्हणत होतं. तेल खेचणाऱ्या नळीला जाळी आहे, काही होत नाही. अर्ध्या दुनियेचे मिस्त्री असंच म्हणतील आणि बहुधा ते बरोबरच ठरतील. पण तो खाली गेलाच नसेल तर? चेन आणि खालचं चक्र यांच्यामध्ये कुठे कडेला टेकून बसला असेल तर? चेनने एक दात उडी मारली की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळणार, इंजिन जागच्या जागी जाम होणार, मागची चाकं लॉक होणार. आणि हे गॅरेजात होईल असं थोडंच आहे. दादा बसला होता त्या जागी रविवारी छकुली बसणार होती.

"दादा, किल्ली फिरवू नकोस."

"का गं?"

"एक वॉशर कमी आहे. आत पडला असेल."

दादाने मान बाहेर काढली. "खात्री आहे?"

"नाही."

"आवाज आला होता?"

"नाही आला."

"मग असेल इथेच कुठेतरी लोळत."

"सगळीकडे शोधलं. नाहीये."

"कव्हरला तर आठ दिसतायत."

"आठवा मी बरणीतला लावला."

दादा गाडीतून उतरला. तो कव्हरवर वाकला. "मोजणीत तू आठ म्हणालीस."

"न मोजता म्हणाले."

हे सांगणं सगळ्यांत जड गेलं. चाळीस वर्षं यंत्रांत काढलेल्या बाईने हे असं कबूल करणं तिला फार लाजिरवाणं वाटलं, आणि ती लाज लपवायला तिने उगाच फडकं घड्या घालून ठेवलं.

"चेंबर उतरवायचं म्हणजे काय ते ठाऊक आहे ना?" दादा म्हणाला. "इंजिनाखालचे माउंट सोडा, इंजिन वर उचला, सगळं तेल काढा. खालचं अंग पाच वर्षांत उघडलेलं नाही. सहाच्या आत होणार आहे का हे?"

"सुरू केलं तर होईल."

"आणि नाही सापडला तर?"

"तर नाही सापडला. पण तोवर छकुलीला मी यात बसू देणार नाही."

दादाने किल्ली काढून खिशात टाकली. कप्पी ओढून आणताना तो पाठमोराच म्हणाला, "सोमवारपासून टेबल. मोसम संपायची वाट नको बघायला."

"बरं," आत्या म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर दोघं दीड तास कामापुरतंच बोलले. कार्बोरेटरच्या नळ्या सोडल्या, तेल खाली काढलं, माउंटचे बोल्ट काढून इंजिन कप्पीने चार बोटं उचललं. जास्त उचललं तर मागचा गिअरबॉक्स कुरकुरतो, कमी उचललं तर चेंबर निघत नाही. आत्या गाडीखाली पाठीवर पडून चेंबरचे बोल्ट सोडवत होती आणि प्रत्येक बोल्टागणिक वॉशर बोटाने चाचपून पुठ्ठ्यात खोचत होती. बधिर बोटांना तो लागत नसे, म्हणून ती डाव्या करंगळीने चाचपायची.

साडेबाराला छकुली आली. दवाखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन, हेल्मेट काखेत मारून, गाडी तयार असेल या खुशीत. समोर इंजिन साखळीला लटकलेलं आणि गाडीखालून आत्याचे पाय बाहेर आलेले.

"हे काय? बाबा, आज? आजच?"

दादाने तोंड उघडण्याआधी गाडीखालून आवाज आला. "माझ्या हातून वॉशर पडलाय. चेनच्या फटीतून."

"पडलाय की पडला असेल?"

"असेल."

छकुलीने हेल्मेट बाकावर ठेवलं, जरा जोरातच. "आत्या, तुला झेपत नाही तर सांगायचं ना! अख्खं वर्ष घासलंय मी या रविवारसाठी. दुसऱ्या नंबरावर आहे मी, आणि तू बोटांचं काही सांगायचं नाही, लपवायचं, आणि मग हे असं शेवटच्या दिवशी..."

"छकुले," दादा म्हणाला, "चेंबरचं पॅकिंग फाटणार आहे. दुकानातून नवं घेऊन ये. जा."

छकुली गेली. गाडीखाली आत्याने डोळे मिटून घेतले आणि उघडले. पोरीचं काही चुकलं नव्हतं, म्हणून रागावताही येत नव्हतं. रडू येत होतं, पण पाठीवर पडून रडलं की पाणी कानात जातं, तेव्हा तिने पुढचा बोल्ट सोडवला.

दोन वाजता चेंबर खाली आलं. दोघांनी ते उचलून बाकावर ठेवलं. तळाशी काळंभोर तेल साचलेलं होतं आणि मधोमध लोखंडी पडदा, गाडी वळणावर कलली तरी तेल एका बाजूला पळू नये म्हणून बसवलेला. आत्याने पुढच्या बाजूने बोट फिरवायला घेतलं. चौथ्या सेकंदाला वॉशर लागला. स्वच्छ, चकचकीत, आज सकाळपर्यंत कव्हरावर असलेला.

"हा घे," ती म्हणाली. आतच होता! आपण उगाच काही केलं नव्हतं. आणि आतच होता, म्हणजे तो आपणच पाडला होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. तिने वॉशर चेंबरच्या काठावर ठेवला आणि सवयीने पडद्याच्या मागची बाजूही चाचपली, कारण उघडलंच आहे तर पुसून घ्यावं.

तिथे, कोपऱ्यातल्या चिखलात, तिच्या करंगळीला दुसरा लागला.

तिने तो फडक्यावर पुसला. तांब्याचा होता. एका अंगाने घासून गुळगुळीत झालेला, दुसऱ्या अंगाने काळा. चुंबकाला तांबं लागत नाही, त्यामुळे कुठल्याच कांडीला तो कधी सापडला नसता. तेल बदलतानाही पडद्याआड राहिल्याने निघाला नसता. पाच वर्षांपूर्वी एका मोसमात दादाने कव्हरखाली तांब्याचे वॉशर लावले होते, तेल पाझरू नये म्हणून. पुढच्या मोसमात पुन्हा लोखंडी आले. उरलेले तांब्याचे फळीवर डबीत होते. त्या मोसमात आत्या अजून मोज्यांच्या यंत्रांत डोकं घालून बसली होती आणि गॅरेजात तिने पाऊलही टाकलं नव्हतं.

"दोन आहेत," ती म्हणाली.

दादाने तो तिच्या तळहातावरून उचलला. अंगठ्याने एकदा फिरवला. मग मूठ मिटली.

आत्याला भावाचा चेहरा लहानपणापासून पाठ होता. "तुला ठाऊक होतं."

"पडला असेल, असं वाटलं होतं."

"दादा."

"आवाज आला होता," दादा म्हणाला. तो कप्पीच्या साखळीकडे बघत होता. "टिण् झालं. नीट ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी छकुलीची पहिली शर्यत. तिचे मित्र-मैत्रिणी इथे उभे, दहा-बारा जण, गाडी बघायला आलेले. मी त्यांना ऐटीत सांगत होतो, इंजिन कसं बांधतात ते. त्यांच्यासमोर कसं म्हणणार, माझ्या हातून पडला म्हणून? म्हटलं, परत आल्यावर उघडू. ती परत आली, काही झालं नव्हतं. मग एक वर्ष गेलं. मग दुसरं. मग सांगायचीच लाज वाटायला लागली."

"आणि ती मोजणी? मोठ्याने विचारायची?"

"त्याच वर्षी सुरू केली."

चार वर्षं आत्या रोज त्या मोजणीला ओ देत होती. दादाची शिस्त, दादाची शिस्त, म्हणून टायरवाल्यापासून सगळ्यांना कौतुकाने सांगत होती. तिला राग आला, आणि रागाच्या खाली भावाची कीवही आली, आणि कीव आल्याचा पुन्हा राग आला.

"सोमवारचं राहू दे," दादा हळूच म्हणाला. "टेबलाचं. तू आपली बाकापाशीच बरी. हवी तितकी वर्षं."

सकाळपासून हेच वाक्य ऐकायला ती आसुसलेली होती. ते आता मिळालं, आणि त्याच्या बदल्यात तांब्याच्या वॉशरबद्दल गप्प राहायचं, हेही तिला समजलं. दादाची मूठ एप्रनच्या खिशात गेली होती. बाहेर छकुलीच्या स्कूटरचा आवाज थांबला.

"मिळालं पॅकिंग," छकुली आत येत म्हणाली. "सापडला का?"

"सापडला," दादाने चेंबरच्या काठावरचा वॉशर दाखवला. "हा बघ."

छकुलीने श्वास सोडला. मग ती आत्याकडे वळली. "मघाशी बोलले ते जरा जास्तच बोलले मी. पण आत्या, खरं सांगू, हे असं परत झालं तर..."

"दादा," आत्या म्हणाली, "खिशात काय आहे ते तिला दाखव."

दादा दुसऱ्या हाताने चेंबरचा काठ पुसू लागला.

"गाडीत ती बसते. तिला दाखव."

"काय आहे?" छकुली एकदा आत्याकडे, एकदा बापाकडे बघू लागली.

दादाने मूठ बाहेर काढली. ती उघडायला त्याला वेळ लागला. मग त्याने तांब्याचा वॉशर लेकीच्या तळहातावर ठेवला. "हा माझा. पाच वर्षांपूर्वीचा. तुझ्या पहिल्या शर्यतीच्या आदल्या दिवशीचा."

"आत होता?"

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

छकुलीने वॉशर उलटा करून पाहिला, घासलेली बाजू, काळी बाजू. ती काही ओरडली नाही. मघाशी आत्यावर ओरडली तसं ओरडली असती तर बरं झालं असतं, असं आत्याला वाटलं.

"बाबा," ती म्हणाली, "चौदाव्या वळणाला कठडा नाहीये."

दादाने मान खाली घातली.

"पाच वर्षं," छकुली म्हणाली. "दर वेळी चौदाव्यापाशी मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढत नाही. का माहितीये? इंजिन तुम्ही बांधलंय म्हणून." तिने वॉशर बाकावर ठेवला, आत्याच्या वॉशरपासून वेगळा. मग बाह्या वर केल्या. "आत्या, किती वाजले?"

"अडीच."

"होईल?"

"होईल. पण बोटं बधिर आहेत माझी, ते तू म्हणालीस ते खरंय. बोल्ट मी सुरू करून देते, आवळायचे तू. आणि मोजायचं दोघींनी, प्रत्येकाला बोट लावून."

"चालेल."

दादाचा हात सवयीने पान्याकडे गेला होता. त्याने तो उचललाही.

"बाबा, तुम्ही बाहेर थांबा."

ती हे रागाने बोलली नाही. दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना सांगत असावी, त्याच आवाजात बोलली. दादा म्हणाला, "मी फक्त तेल भरतो, बाकी तुम्ही..."

"बाहेर थांबा, बाबा."

आत्याला जिंकल्यासारखं काहीच वाटलं नाही. या बाकापासून उठवलं जाणं म्हणजे काय, ते ती सकाळपासून सोसत होती, आणि आता ते समोर भावाच्या चेहऱ्यावर जसंच्या तसं दिसत होतं. राहू दे गं, म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. पोरगी त्या गाडीत बसणार होती. तिने ठरवायचं होतं.

दादाने पाना लेकीकडे मुठीच्या बाजूने पुढे केला. हात पुसले, एकेक बोट. मग तो बाहेर गेला, आणि दार त्याने आपलं आपणच ओढून घेतलं.